दुकानात न आलेला माणूस

नकाशाची पीडीएफ करून छापून देणे, एवढेच माझे काम. मोजणी दुसऱ्याने केलेली, रेषा दुसऱ्याने काढलेल्या, जमीन तिसऱ्याची आणि तंटा असलाच तर तोही माझा नव्हे. तहसील कचेरीच्या रस्त्यावर दुकान चालवणाऱ्याला असे म्हणून मोकळे होता येते आणि पुष्कळ जण होतातही. मला ते जमत नाही. का जमत नाही, आणि जमू नये असेच मला का वाटते, हे एकदा स्वतःशी नीट तपासावे म्हणून लिहायला बसलो आहे.

माझ्यापर्यंत येणारा नकाशा क्वचितच मूळ असतो. महाभूनकाशावर गट क्रमांक टाकून उघडलेल्या आराखड्याचा मोबाइलमधला स्क्रीनशॉट असतो. भूमी अभिलेख कार्यालयातून वडिलांनी कधीकाळी आणलेल्या नकलेचा, घड्यांच्या खुणांसकट काढलेला फोटो असतो. पुतण्याने पुण्याहून व्हॉट्सअॅपवर पाठवलेला गटबुकाचा उतारा असतो, नाहीतर मोजणीच्या ‘क’ प्रतीचे स्कॅन. या सगळ्यांना लोक नकाशाच म्हणतात. संगणकाला मात्र ती नुसती चित्रे. लग्नाचा फोटो आणि गावनकाशा यांत त्याला फरक कळत नाही. चित्राची लांबी-रुंदी पिक्सेलांत असते, सेंटिमीटर त्याला ठाऊक नसतात. पीडीएफचे तसे नाही. तिच्या पानाला खरे माप असते, इंचाच्या बहात्तराव्या भागात मोजलेले. म्हणजे चित्राची पीडीएफ होते त्या क्षणी, आजवर ज्याला माप नव्हते त्याला कुणीतरी माप दिलेले असते. हे माप मी ठरवतो. मी लक्ष घातले नाही तर संगणकातली ठरलेली सेटिंग ठरवते.

ए-थ्री आकाराचा कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला की ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलांचे चित्र होते. चित्रासोबत हा ३००चा आकडा टिकला तर पीडीएफचे पान पुन्हा ए-थ्रीच निघते. आकडा वाटेत गळला आणि सॉफ्टवेअरने ७२ धरला, तर तेच पान जवळजवळ सव्वा मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर लांब होते. मग प्रिंटर ‘फिट टू पेज’ करून ते निमूटपणे ए-फोरवर बसवतो. हातात येणारी प्रत सुबक असते. रेषा जागच्या जागी, गट क्रमांक वाचता येण्यासारखे, खाली ‘प्रमाण १:५०००’ असे स्वच्छ छापलेले. आणि ते प्रमाण आता खोटे असते.

शाळेच्या भूगोलात शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण असे तीन प्रकार आपण पाठ केले होते. पाठ करताना त्यातला महत्त्वाचा भेद कुणी जिवाला लावून घेतला नाही, मीही नाही. नकाशा लहान केला की त्यावरची प्रमाणाची पट्टीही त्याच हिशेबाने लहान होते, म्हणून रेषाप्रमाण खरेच राहते. अंकांत आणि शब्दांत लिहिलेले प्रमाण आहे तसेच राहते, म्हणून खोटे पडते. आणि समास कापून नकाशा मोठा दिसावा म्हणून लोक जी पट्टी सर्वांत आधी कापायला सांगतात, ती नेमकी हीच असते.

याचा हिशेब मी गुंठ्यांत मांडून पाहिला, कारण टक्क्यांत मांडला की मनाला लागत नाही. ए-थ्रीचा नकाशा ए-फोरवर आला की लांबी ७०.७ टक्के उरते आणि क्षेत्र बरोबर निम्मे. १:५०००चा नकाशा प्रत्यक्षात १:७०७१ झालेला असतो. त्यावर फूटपट्टी ठेवून ५०००ने गुणणाऱ्याला चाळीस गुंठ्यांचे रान वीस गुंठे भरते. इतकी मोठी तफावत शेतकऱ्याच्या निदान लक्षात येते. तो म्हणतो, काहीतरी चुकतंय. खरी भीती लहान तफावतीची. ए-फोरची पीडीएफ ए-फोरवरच छापताना ‘फिट’ तसेच राहिले, तर कडेच्या समासासाठी प्रिंटर पान थोडे आक्रसून घेतो. समजा ९७ टक्के. डोळ्यांना काही कळत नाही. लांबीत शंभराला तीनच कमी, पण क्षेत्रात जवळजवळ सहा कमी. एकरामागे सुमारे २.४ गुंठे. याहून कमी जागेपायी सख्ख्या भावांनी एकमेकांच्या दारचा पाण्याचा घोट सोडलेला मी पाहिला आहे.

अशा वेळी मला जुन्या मोजणीदारांची आठवण होते. मुंबई इलाख्याची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी पद्धत बसवली, ती अशीच उन्हातान्हात साखळ्या ओढत पुढे गावोगाव गेली. त्याआधी विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजली, तेव्हा उन्हाने पोलादी साखळी किती वाढते याचा हिशेब ठेवायला थर्मामीटर वापरले होते. हा लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला, हिंदुस्थानचे मोजमाप करत असतानाच. त्या मोजणीमागे साम्राज्याची आणि साऱ्याची गरज होती, हे मी विसरत नाही. तरीही साखळी उन्हाने केसभर वाढली तर तिची नोंद करणाऱ्या माणसाची चाड मला खरी वाटते. त्या परंपरेतून आलेली रेष माझ्या हातून सहा टक्के क्षेत्र गमावून जावी आणि मी म्हणावे की प्रिंटरने केले, हे मला मान्य होत नाही.

माझ्या कामातली सर्वांत नाजूक जागा ठिपक्यांची आहे. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, पायवाट एकेरी तुटक रेषेने. जुन्या नकलेचे स्कॅन पडद्यावर चौपट मोठे करून पाहिले की या रेषेचे तुकडे एकेक सुटे दिसतात: काही गडद, काही राखाडी, काही अर्धे पुसलेले. त्यांच्या आजूबाजूला कागदावरची बुरशी, शाईचे शिंतोडे, काचेवरची धूळ. संगणकाला यातले काय पाणंद आणि काय धूळ हे ओळखता येत नाही. डाग काढण्याचा जो फिल्टर असतो तो सुटे, लहान ठिपके उचलतो आणि पांढरे करतो. पूर्ण काळे-पांढरे करायला सांगितले तर राखाडी तुकडे पांढऱ्यात जातात. क्षणात कागद धुतल्यासारखा लख्ख होतो. गिऱ्हाईक म्हणते, वा, आता कसं स्वच्छ दिसतंय. आणि त्या स्वच्छतेत एखाद्याचा शेतात जायचा रस्ता गेलेला असू शकतो.

हे मी वाढवून सांगत नाही. अडवलेला रस्ता मोकळा करून मागायला लोक मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जातात, बांधावरून नवा रस्ता मागायला जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली. दोन्ही अर्जांना नकाशा जोडतात. तो माझ्यासारख्याच्या दुकानातून छापून नेलेला असतो. अधिकारी पुढे मूळ अभिलेख मागवतात, स्थळपाहणी करतात, हे खरे. पण गावातली बैठक, भावकीतली चर्चा, वकिलाशी पहिले बोलणे हे सगळे त्या छापलेल्या कागदावर होते. कागदावर रस्ता दिसला नाही की माणूस तिथेच खचतो, किंवा समोरचा तिथेच चढून बोलतो.

एक मावशी आल्या होत्या. त्यांच्याजवळ जुन्या नकलेचा मोबाइलवर काढलेला फोटो होता, तिरका, खिडकीतल्या उन्हाची तिरीप आलेला. त्यांच्या रानाकडे जाणारी वाट बरोबर त्या तिरिपेत गेली होती. अलीकडे तीन-चार ठिपके, पलीकडे दोन, मधे पांढरे. त्या म्हणाल्या, “बाबा, माझा सासरा ह्याच वाटेनं बैलगाडी न्यायचा. तेवढी मधली वाट जोडून द्या.” त्या खोटे बोलत नव्हत्या, याची मला मनोमन खात्री होती. अलीकडचे आणि पलीकडचे ठिपके एका सरळ रेषेत होते. मधले पाच-सहा ठिपके भरायला मला अर्धे मिनिट लागले नसते.

मी म्हणालो, “मावशी, कागदावर जे दिसतं तेवढंच मला छापता येतं. तुमची वाट मूळ नकाशात असेल तर कार्यालयातली प्रमाणित नक्कल ती दाखवेल. ती आणा, मी तिचं नीट स्कॅन करून देतो.” नकलेचा अर्ज कसा करायचा ते एका कागदावर लिहून दिले. त्या गेल्या. पैसे घेतले नाहीत, पण त्याने माझ्या मनाचे समाधान झाले नाही, कारण त्यांना हवे होते ते मी दिले नव्हते आणि पुढची खेप त्यांच्या गुडघ्यांवर पडणार होती.

या प्रसंगाची आणि दुसऱ्या एका प्रसंगाची मी मनात पुष्कळदा तुलना केली आहे. एक गृहस्थ आले होते, नीटनेटके, बोलायला गोड. फोटोतली एकच रेष “साहेबांना दिसत नाही, जरा ठळक करा” म्हणून सांगत होते. बाकीच्या फिकट रेषा फिकटच राहिल्या तरी त्यांची हरकत नव्हती. मी नकार दिला आणि मला त्याचा थोडा अभिमान वाटला. नंतर विचार केला तेव्हा तो अभिमान टिकेना. त्या नकारात सत्याची ओढ किती होती आणि बनावट दस्ताच्या गुन्ह्याचे भय किती? भयाने केलेला नकार वाईट नाही, पण त्याला सचोटी म्हणायला माझे मन धजत नाही. मावशींच्या वेळी भय नव्हते. तिथे मोह दयेचा होता. लबाडाला नाही म्हणणे सोपे जाते, त्यात आपण चांगले दिसतो. ज्याची बाजू आपल्याला खरी वाटते त्याच्यासाठीही रेष न वाढवणे अवघड, कारण तिथे आपण स्वतःलाच निर्दय दिसतो. त्या दिवशी मी जे केले ते आजही योग्यच मानतो. मला वाटले ते खरे निघालेही असेल. पण माझ्या वाटण्याला नकाशावर जागा नाही.

तेव्हापासून एक रीत मी पक्की पाळतो. जे करायचे ते सगळ्या पानाला सारखे. गडद करायचे तर सगळे पान गडद, उजळायचे तर सगळे पान. एका रेषेला वेगळा न्याय नाही. तिरका फोटो सरळ करून दिला तर तसे कागदाच्या खाली छापतो, कारण सरळ केलेल्या फोटोतली अंतरे मूळ नकाशासारखी राहिली असतीलच असे नाही. डाग काढण्याचा फिल्टर नकाशाला लावत नाही; धूळ राहिली तर राहू दे.

आकड्यांविषयी माझी झोप २०१३च्या एका घटनेने उडवली. डेव्हिड क्रिझेल नावाच्या जर्मन संगणकतज्ज्ञाला असे आढळले की एका नामांकित कंपनीची स्कॅनिंग यंत्रे कागदावरचे आकडेच बदलून टाकत आहेत. तो एका घराचा आराखडा होता. तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी वेगवेगळी होती. स्कॅन होऊन आली तेव्हा तिन्ही ठिकाणी १४.१३. आकडे पुसट नव्हते, अगदी ठसठशीत होते. फाइल लहान करण्यासाठी ते यंत्र चित्रातले एकसारखे दिसणारे तुकडे शोधून त्यातला एकच साठवत होते आणि तोच सगळीकडे उमटवत होते. पुढे कंपनीने सॉफ्टवेअर दुरुस्त केले. पण हे वाचल्यावर मी टेबलावरच्या गटबुकाच्या उताऱ्याकडे पाहिले. १६३, १६८, १६६. लहान अक्षर, जुनी छपाई. त्यातला एक आकडा दुसऱ्यासारखा झाला तर तो पुसट दिसणार नाही, स्वच्छच दिसेल, आणि म्हणूनच कुणाला शंका येणार नाही.

अर्ज ऑनलाइन भरताना फाइलच्या आकाराला मर्यादा असते, म्हणून दिवसातून कितीदा तरी कानावर येते, “दादा, पीडीएफ बारीक करा.” जेपीईजीने लहान केले तर चित्र आठ बाय आठ पिक्सेलांच्या चौकोनांत मोडते आणि बारीक रेषांभोवती राखाडी धुके धरते, ते निदान दिसते तरी. लहान केलेल्या पीडीएफमधला एकेक गट क्रमांक मूळ चित्राशी ताडून पाहणे माझे कर्तव्य आहे, असे मी मानतो. मग प्रश्न उरतो तो सोमवारचा. सोमवारी रस्त्यापर्यंत रांग असते, लाइट जाण्याची धास्ती असते, कुणाची एसटी सुटत असते. त्या गर्दीत मी तेवढ्याच नजरेने ताडतो का? हात थांबत नाहीत, पण मन म्हणते, हा तर साधा अर्ज आहे, याला कोण पाहणार. मनाचा हा कल मी ओळखून आहे. तो जात नाही. म्हणून मी त्याला वाव न देण्याची व्यवस्था केली आहे: नकाशाचे काम रांगेत घेत नाही, कागद ठेवून घेतो आणि दुपारी सावकाश करतो. काही गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत.

आणखी एका ठिकाणी मी स्वतःवर पहारा ठेवतो. प्रमाण शाबूत ठेवायचे तर नकाशा त्याच्या मूळ मापात, मोठ्या कागदावर, प्लॉटरवर छापावा लागतो. त्याचे पैसे ए-फोरच्या कितीतरी पट होतात. म्हणजे खरे सांगणे आणि माझा फायदा इथे एकाच दिशेला आहेत, आणि अशा ठिकाणी माणसाने स्वतःच्या तत्त्वांवर सहज विश्वास ठेवू नये. म्हणून मी आधी विचारतो, नकाशा कशाला हवा आहे? रान कुठे आहे एवढे पाहुण्याला किंवा बँकेतल्या माणसाला दाखवायचे असेल तर ए-फोर पुरतो. तसे मी सांगतो आणि प्रतीच्या तळाशी ‘ही प्रत मोजमापासाठी नाही’ अशी ओळ छापतो. काहींना ती ओळ आवडत नाही, ती काढा म्हणतात. ती मी काढत नाही. मोजमापासाठीच हवा असेल तर मोठा कागद, ‘ॲक्च्युअल साइझ’, आणि कोपऱ्यात दहा सेंटिमीटरची एक रेष. छापून झाले की गिऱ्हाइकासमोर स्टीलची पट्टी ठेवून ती रेष मोजतो. दहाची दहा भरली तरच कागद त्याच्या हातात जातो.

एवढे करूनही गावनकाशाच्या प्रतीवरून बांध ठरत नाही, हे सांगणे राहतेच. जुन्या गावनकाशाचे प्रमाण इंचाला वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट. त्यावरची अर्धा मिलिमीटर जाडीची रेष जमिनीवर जवळजवळ चार मीटर जागा व्यापते. बांध त्या रेषेच्या पोटात कुठे आहे हे कागद सांगू शकत नाही, मी कितीही डीपीआयने स्कॅन केला तरी. त्याला टिपण लागते, फाळणी लागते, जागेवरची मोजणी लागते. हे ऐकून माणूस हिरमुसतो. त्याला वाटते, हा शहाणपणा शिकवतो आहे. तरी बोलतो, कारण मी न बोललो तर माझा सुबक कागदच त्याच्याशी बोलणार आहे, आणि तो खरे बोलेलच याची खात्री नाही.

या सगळ्या विचारांत माझ्या डोळ्यांपुढे जो माणूस असतो तो दुकानात कधी आलेलाच नसतो. बांधाला दोन बाजू असतात आणि दुकानात येतो तो एकाच बाजूचा. पैसे तो देतो, अडचण तो सांगतो, खुर्चीवर तो बसतो, त्यामुळे आपलेपणाही त्याच्याशीच जुळतो. पलीकडचा शेजारी, चुलता, वेगळी राहणारी भावजय यांपैकी कुणी समोर नसते. त्यांना ठाऊकही नसते की आत्ता, या क्षणी, त्यांच्या हद्दीची एक प्रत इथे काढली जाते आहे. त्यांच्या वतीने बोलणारे त्या खोलीत कुणी असेल तर ते माझे लक्ष. ते ढळले तर त्यांचे काय गेले हे त्यांना कळणारही नाही, आणि मला कुणी जाब विचारणार नाही. जाब विचारणारे कुणी नसते तिथेच मी कसा वागतो, एवढीच माझी परीक्षा आहे, असे मला वाटत आले आहे. त्या परीक्षेत आज काय झाले हे रात्री शटर ओढताना मी स्वतःला विचारतो. काही दिवस उत्तर लगेच येते. काही दिवस मी एखादी फाइल पुन्हा उघडून आकडे ताडतो आणि मग घरी जातो.

वाचकहो, तुम्ही कधी जमिनीचा नकाशा छापून घ्याल तेव्हा दुकानदाराला ‘फिट टू पेज’ काढायला सांगा. प्रमाणाची पट्टी कापू देऊ नका. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या चित्रावर विसंबू नका, फाइल मूळ स्वरूपातच मागून घ्या. छापलेल्या प्रतीवर फूटपट्टी ठेवून त्याच्यादेखत माप बघा आणि गट क्रमांक एकेक करून ताडा. त्याला त्रास होतो आहे असे वाटले तरी थांबू नका. आणि हद्दीचा प्रश्न असेल तर आमच्या दुकानात येण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन प्रमाणित नक्कल घ्या.